बाबारावांचं घोरणं

“मी घोरत नाई! उभ्या जन्मात कधी घोरलो नाई!”

सेलूच्या बाबारावांचं हे वाक्य अख्ख्या बाजाराला पाठ होतं. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं कूलरचं दुकान. उन्हाळाभर पत्र्याचे कूलर विकायचे आणि बाकी वर्षभर त्या कूलरच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या, असा त्यांचा शिस्तीचा धंदा होता. “आवाज अजिबात नाई,” असं ते प्रत्येक कूलरबद्दल सांगत आणि स्वतःबद्दलही. कूलरच्या बाबतीत गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नसे, त्यांच्या बाबतीत बायकोचा.

विमलाबाई रोज सकाळी चहाच्या कपासोबत तक्रार मांडत.

“काल तं तुमी कहरच केला! मी दचकून उठली. पाहतो तं काय, तुमी आपले निवांत! कोपरानं ढोसलं तवा कुठं शांत झाले.”

“अवं, मी शांतच होतो!”

“ढोसल्यावर झाले ना शांत! त्याच्या आंधी नाई.”

घोरण्याच्या खटल्यात आरोपीची हीच तर पंचाईत असते! गुन्हा घडताना तो जागेवर हजर असतो, पण त्याला विचारून उपयोग नसतो. मुलगी मयुरी ही एकच साक्षीदार. पण ती उन्हाळ्यात गच्चीवर झोपे आणि एरवी मागच्या खोलीत. आईबाबांच्या खोलीतून आवाज येतो, एवढं ती शपथेवर सांगे. कुणाचा, ते आई सांगते म्हणून बाबांचा! संपला खटला!

मग बाबाराव एकदा वर्ध्याला डॉक्टरांकडे गेले. घोरणं बंद करायला नव्हे हं! आपण घोरत नाही असं लेखी मिळावं म्हणून. डॉक्टरांनी त्यांच्या पोटाच्या घेराकडे पाहिलं, खिशातल्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पुडीकडे पाहिलं आणि प्रेमानं समजावून सांगितलं, की झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट अरुंद होते, आणि त्या फटीतून हवा जाताना पडजीभ फडफडते, तेच घोरणं. वजन वाढलं, नाक चोंदलं, उताणं झोपलं, पोटाला तडस लागेस्तोवर जेवलं, तंबाखू खाल्ली, दारू घेतली, वय झालं, की ते वाढतं.

“मी दारू घेत नाई,” बाबाराव म्हणाले. यादीतलं तेवढंच एक कलम त्यांना लागू नव्हतं.

“शेजारी कोण झोपतं?”

“बायको.”

“मग बायको म्हणते तेच खरं धरायचं,” असं म्हणून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. विज्ञानानंही बाबारावांची साथ सोडली ती अशी!

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. बाबाराव रोज नाकारत, विमलाबाई रोज आरोप करत आणि संसार सुखाचा चालला होता. पण दोन हजार सहाच्या एप्रिलात विमलाबाईंचा धाकटा भाऊ प्रेमदास रोहण्याहून येऊन थडकला आणि त्यानं मयुरीसाठी आष्टीचं स्थळ आणलं.

खरं म्हणजे स्थळ त्यानं आणलं नव्हतंच. वर्ध्याला कुणाच्या तरी लग्नात मयुरी आणि आष्टीचा अंकित पंगतीत समोरासमोर बसले होते, आणि त्या दिवसापासून मयुरी आरशासमोर जरा जास्तच वेळ उभी राहत होती. अंकितच्या घरी संत्र्याचा बगीचा, स्वतःचं शेतीच्या औषधांचं दुकान, पोरगा निर्व्यसनी. पोरीनं तोंडानं काही सांगितलं नाही, पण आष्टीचं नाव निघालं की तिच्या हातून हमखास काहीतरी सांडायचं. बाबारावांना ते कळत होतं. एकुलती एक पोर! तिला हवं ते घर मिळावं म्हणून ते काय वाट्टेल ते करायला तयार होते.

“फकस्त एक घोर हाये, भाऊजी,” प्रेमदास हळूच म्हणाला.

“कायचा घोर?”

“घोराचाच घोर!”

मराठीनं हा एकच शब्द दोन कामांना जुंपून ठेवला आहे. झोपलेल्याच्या घशातही घोर आणि जागणाऱ्याच्या जिवालाही घोर. बाबारावांना नीट उमगायला वेळ लागला. मग प्रेमदासनं उलगडून सांगितलं. अंकितचे वडील भैयाजी यांची मोठी सून घोरते म्हणे. इतकी घोरते, की मोठा मुलगा उशी घेऊन वावरातल्या खोलीत झोपायला जातो. त्या दिवसापासून भैयाजींनी घोरण्याचा असा धसका घेतला, की धाकट्याच्या वेळी ना पत्रिका, ना गुण, ना गोत्र! पोरीकडच्यांच्या घरी भर दुपारी जेवायला जायचं, जेवण झालं की “चला, सगळेच जरा आडवे होऊ,” म्हणायचं, आणि डोळे मिटून कान उघडे ठेवून पडायचं. घरात कुणी घोरलं, की संध्याकाळी नकार!

“अन् तुमच्या घोरण्याची कीर्ती तं सेलूपासून रोहण्यालोक हाये,” प्रेमदास म्हणाला.

“मी घोरत नाई!”

“बाबा,” मयुरी दाराआडून म्हणाली, “एक दिवस नका ना घोरू. माझ्यासाठी.”

बायकोशी उभा जन्म भांडता येतं, पण पोरीच्या अशा आवाजापुढे भलेभले विरघळतात. “बरं,” ते म्हणाले. न केलेला गुन्हा पुन्हा न करण्याचं त्यांनी वचन दिलं.

झालं! पुढच्या महिन्यात पाहुणे यायच्या दिवशी सकाळपासूनच बाबारावांवर प्रयोग सुरू झाले. आघाडीवर प्रेमदास. या माणसाला जगातल्या कुठल्याही विषयातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे सल्ला देताना त्याला कधी अडचण पडत नसे.

“डॉक्टरनं काय सांगतलं? उताणं झोपल्यानं घोरते. मंग उताणं होऊच नाई द्याचं!” असं म्हणून त्यानं विमलाबाईंकडून बाबारावांच्या बनियनला पाठीमागून खिसा शिवून घेतला आणि त्यात रबरी चेंडू कोंबला. उताणं व्हायला गेलं की चेंडू टोचणार आणि माणूस आपोआप कुशीवर. नाक चोंदू नये म्हणून विमलाबाईंनी दोन्ही नाकपुड्यांत कोमट तूप सोडलं. तेही हात आखडता न घेता! खर्रा बंद. झोप येऊ नये म्हणून काळा चहा, पेल्यामागून पेले.

“अन् भरल्या पोटी घोरते माणूस,” प्रेमदासनं फर्मान काढलं. “रस-पोळी नाई खायाची. ताक प्या.”

“अरे, मे महिना हाये! घरात रस हाये!”

“रस पाह्यजे का जवाई पाह्यजे?”

बाबारावांनी ताकाकडे पाहिलं. ताकानंही बहुधा त्यांच्याकडे पाहिलं असावं.

तरीही एवढं सगळं करून चुकून डोळा लागलाच तर? तर शेवटचा उपाय बाबारावांनी स्वतः शोधला. धंदेवाईक डोकं! गोदामात एक कूलर पडून होता. गिऱ्हाइकानं अक्षरशः हात जोडून परत आणून दिलेला. त्याचं पातं जाळीला घासे, मोटर कण्हे, आणि पाण्याचा पंप मधूनमधून गुळण्या करी. गहू काढायचं थ्रेशर घरात आणून ठेवलं तरी ते शेजारी लाजून गप्प बसावं, असा एकूण कारभार. जन्मभर “आवाज अजिबात नाई” म्हणणाऱ्या माणसानं तो कूलर स्वतःच्या हातानं बैठकीच्या खिडकीत बसवला आणि बटण दाबलं. भिंतीवरचं कॅलेंडर उडालं.

“आता घोरा किती घोराचं थे!” प्रेमदास ओरडून म्हणाला.

“काय?”

“घोरा म्हनलं!”

“काय?”

मयुरी मात्र समाधानानं हसली. ऐकू काही येतच नव्हतं, तिला तेच तर हवं होतं.

ऐन बारा वाजता आष्टीची जीप दारात उभी राहिली. भैयाजी उतरले. बारीक, उंच, आणि कान असे मोठे की या कामासाठीच देवानं दिलेत म्हणावं. मागून त्यांच्या पत्नी कौशल्याबाई, गोल चेहऱ्याच्या, सगळीकडे हसून पाहणाऱ्या. शेवटी अंकित. मयुरीनं पाणी आणलं आणि अर्धं ट्रेमध्येच सांडलं.

पंगत बसली, कूलर बोलण्यापुरता हळू केला. रस, पोळ्या, कुरड्या, भजी. बाबारावांच्या पुढ्यात ताकाचा पेला आणि एक कोरडी पोळी.

“हे काय? तुमी रस नाई घेत?” भैयाजींनी विचारलं.

“नाई. मले... चालत नाई.”

“शुगर?”

“नाई, नाई! शुगर नाई!” प्रेमदास मध्ये पडला. “त्याईचं काय हाये, त्याईले गोड पाह्यलं का कसंतरीच होते.”

भैयाजींनी बायकोकडे पाहिलं. एवढ्यात बाबारावांच्या नाकातलं तूप वितळून वाटेला लागलं. नाक गळायला लागलं, डोळ्यांतून पाणी आलं. पंचानं पुसावं तर आणखी येई.

“पोरगी जाईन म्हनून रडून राह्यले का हो?” कौशल्याबाईंचा जीव कळवळला. “आमी काय तिले अंतर देऊ का, भाऊ?”

“त्याईले नेहमीच असं होते,” विमलाबाई घाईनं म्हणाल्या. म्हणजे हा माणूस गोड खात नाही आणि नेहमीच रडतो, अशी नोंद आष्टीकरांच्या मनात झाली.

त्यातच बाबाराव वाकून पोळी वाढायला गेले. पातळ सदऱ्यातून पाठीवर चांगला लिंबाएवढा फुगवटा वर आला. कौशल्याबाईंचा घास हातातच राहिला.

“भाऊ, पाठीले गाठ आली का तुमच्या?”

“गाठ? कुठं? थे होय!” बाबारावांनी हसायचा प्रयत्न केला. “बॉल हाये थो.”

“बॉल?”

“किरकेटचा नांद हाये मले.”

“पन पाठीवर काऊन?” भैयाजींनी विचारलं. प्रश्न रास्त होता. बाबारावांनी प्रेमदासकडे पाहिलं. प्रेमदास कुरडईकडे पाहत होता.

“सदऱ्याले खिसा लहान हाये,” बाबाराव म्हणाले.

आणखी एक उत्तर असंच गेलं असतं तर आष्टीची जीप रसाची वाटी अर्धी टाकून परत फिरली असती. पण अंकितला हसू फुटलं. ते त्यानं भजं कोंबून दाबलं, आणि परातीआडून त्याच्याकडे पाहणाऱ्या मयुरीलाही मग ओठ चावून आत पळावं लागलं. कौशल्याबाईंनी ते बरोब्बर पाहिलं.

शेवटची पोळी संपली आणि भैयाजींनी हात धुता धुता तो प्रश्न विचारला.

“बाकी सारं पसंत हाये आमाले. एकच विचारतो, राग मानू नका. घरात कोणी घोरते का?”

“छे, छे!” विमलाबाईंनी दोन्ही हात झाडले. “आमच्याकडं कोनीच नाई घोरत, बाप्पा! आमाले तं आवाजच सहन होत नाई.”

खिडकीतला कूलर त्यावेळी गुळण्या करत होता.

“तसं बापाचं चालते,” भैयाजी आरामात म्हणाले. “बाप घोरला तं घोरू द्या. मी लय विचार केला याचा, दहा घरं पाह्यली. बापाचं घोरनं पोराले जाते अन् मायचं पोरीले जाते. आमच्या मोठ्या सुनेची माय अशीच! म्हनून आमी फकस्त माय अन् पोरगी पाहतो. बापाचं काय, थो आपल्या घरी घोरते!”

बाबारावांनी अतिशय सावकाश मान वळवून प्रेमदासकडे पाहिलं. म्हणजे बाप चालत होता! बाप घोरलेला चालत होता! आणि या बह्याडाच्या अर्धवट निरोपापायी बाप सकाळपासून नाकात तूप, पोटात ताक आणि पाठीवर चेंडू घेऊन बसला होता! आत रसाचं पातेलं रिकामं झाल्याचा खडखडाट ऐकू आला, तेव्हा तर त्यांना खरंच रडू आलं.

“मले वाटलं, सारेच,” प्रेमदास पुटपुटला.

“चला,” भैयाजी म्हणाले, “सगळेच जरा आडवे होऊ.”

बैठकीत पुरुषमंडळी लवंडली. भैयाजी दिवाणावर, अंकित आणि प्रेमदास सतरंजीवर, बाबाराव दाराजवळच्या चटईवर. मधल्या खोलीत विमलाबाई, कौशल्याबाई आणि मयुरी. मधे फक्त पडदा. कूलर पुन्हा जोरात गर्जत होता. भैयाजींनी एकदा त्याच्याकडे, एकदा कूलरवाल्या बाबारावांकडे पाहिलं आणि काही न बोलता डोळे मिटले.

बैठकीतल्या सगळ्यांचे डोळे मिटले. जागे राहिले ते बाबाराव! पोटात काळा चहा उड्या मारत होता, पाठीत चेंडू टोचत होता, डोळे टक्क उघडे. आता मनसोक्त घोरायची परवानगी होती, तर झोपच नव्हती.

आणि लाइट गेली.

त्या उन्हाळ्यात लाइट जाणं ही काही बातमी नव्हती. जायची वेळ ठरलेली होती, आणि ती सोडून कधीही जायची. पातं मंदावलं, मोटर एकदा कण्हली, पंपानं शेवटची गुळणी केली. कूलर बंद झाला.

आवाज मात्र बंद झाला नाही!

बाबाराव उठून बसले. घर्रर्र... खॉक... फुस्स! त्यांनी कूलरकडे पाहिलं. कूलर निपचित होता. घर्रर्र... खॉक... फुस्स! आवाज पडद्यामागून येत होता. मधल्या खोलीतून. दमदार, भारदस्त, वर्षानुवर्षांच्या रियाजानं तयार झालेला!

मयुरी!

दुसरं कोण असणार? कौशल्याबाई असत्या तर भैयाजींनी घोरण्याचा एवढा धसका कशाला घेतला असता? आणि विमलाबाई तर फिर्यादी! फिर्यादीवर कुणी संशय घेतं का? पोरच ती, पहाटेपासून राबलेली. दमून झोपली बिचारी, आणि झोपेतच तिचा संसार वाहून चालला! दिवाणावर भैयाजींचा उजवा कान हलल्यासारखा वाटला.

विचार करायला वेळ नव्हता. बाबाराव धाडकन चटईवर उताणे पडले आणि जन्मात पहिल्यांदा, ठरवून, शुद्धीवर असताना घोरायला लागले.

पण घोरायचं कसं? स्वतःचं घोरणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. त्यांना येत होते ते फक्त कूलरचे आवाज. म्हणून त्यांनी आधी मोटर कण्हवली, मग पातं जाळीला घासलं, मग पंप सुरू केला.

भैयाजी ताडकन उठून बसले. “लाइट आली का?”

“नाई आली,” अंकित म्हणाला.

“मंग कूलर कसा चालू?”

बाबारावांनी चट्‌दिशी सूर बदलला. आतून घर्रर्र आलं की इकडून घर्रर्र, आतून फुस्स की इकडून फुस्स. दोन्ही आवाज एकावर एक तंतोतंत बसवायचे, म्हणजे एकच वाटेल. पण आतला आवाज स्वतंत्र वृत्तीचा होता. मधेच थांबे, लांबण लावी, भलत्याच ठिकाणी सम घेई. बाबाराव धापा टाकत मागे धावत होते. पाठीत चेंडू रुतत होता, कपाळावर घाम. भैयाजी दिवाणावरून उतरले, वाकले आणि त्यांनी आपला उजवा कान बाबारावांच्या नाकाशी आणला.

“बाबारावजी!” त्यांनी खांदा हलवला.

बाबारावांनी डोळे चोळत, जांभई देत, झोपेतून उठण्याचं झकास नाटक केलं. “आं? काय झालं?”

“घर्रर्र... खॉक...” पडद्यामागून आलं.

भैयाजींनी पडद्याकडे मान वळवली.

“तुमी तं जागे हा,” भैयाजी म्हणाले. “मंग हा आवाज कोनाचा?”

“माझाच!” बाबाराव किंचाळले. “माझाच हाये! मी घोरतो! लय घोरतो मी! सेलूत कोनालेही विचारा!”

“पन तुमी आता बोलून राह्यले.”

“थो मागचा हाये! घुमून येते! तुमीच पाहा, कूलरचं बटन बंद केल्यावर पातं चार फेरे फिरतेच का नाई? तसंच हाये हे. मी थांबतो, पन थो थांबत नाई पटकन!”

“फुस्स,” असं आतून आलं.

भैयाजींच्या चेहऱ्यावरून त्यांना हे पटलं असं म्हणायला जागा नव्हती. बाबारावांनी प्रेमदासकडे पाहिलं. हा माणूस जन्मात कधी उपयोगी पडला नव्हता. पण जिथं खरं ज्ञान संपतं, तिथून पुढे प्रेमदाससारख्यांचा मुलूख सुरू होतो!

“बरोबर हाये त्याईचं,” प्रेमदास गंभीरपणे म्हणाला. “याले रेंगाळ घोर म्हनते. लाखात एकाले असते. मांगं आमच्या रोहण्याले एक जन होता, थो सकाळी वावरात जाये अन् त्याचं घोरनं दुपारलोक घरी राहे.”

“खरं सांगता?”

“आता जर खोटं बोलत असन तं...” प्रेमदास शपथेचा शब्द शोधत असतानाच आतला आवाज एकदम, कुणी तोंडावर हात ठेवावा तसा, थांबला. पडदा बाजूला करून कौशल्याबाई बाहेर आल्या.

“काय हो भाऊ,” त्या पदरानं वारा घेत बाबारावांना म्हणाल्या, “काय ते घोरनं! आतलोक येऊन राह्यलं होतं. मी तं घाबरून उठली.”

“बाबारावजीचंच होतं थे?” भैयाजींनी विचारलं.

“नाई तं कोनाचं? माय-लेकी तं बिचाऱ्या चूप झोपल्या हायेत माझ्याजवळ.”

भैयाजींचा चेहरा उजळला. “बापच घोरते! मंग काय!” त्यांनी बाबारावांना मिठी मारली. चेंडू दोघांनाही टोचला. “काढा पेढे, इवाई! पोरगी आमची झाली!”

अंकित नुसता उठून उभा राहिला आणि हसत राहिला. मयुरी पडद्याला धरून उभी होती, तिचे डोळे भरले होते. ते पाहून बाबारावांनी पंचानं डोळे पुसले, आणि या खेपेला त्यात तुपाचा काहीच वाटा नव्हता. तेवढ्यात विमलाबाई केस सावरत, जांभई देत बाहेर आल्या.

“काय झालं?”

“भाऊजीनं कबूल केलं, बाई,” प्रेमदासनं सांगून टाकलं. “सगळ्याइच्या समोर. म्हने, मी लय घोरतो.”

विमलाबाईंची झोप पार उडाली. जन्मभराचा खटला जिंकलेल्या माणसाचं तेज त्यांच्या तोंडावर पसरलं. “नाई का मी म्हनत होती! रोज सांगो, रोज! आता तरी पटलं ना?”

“पटलं,” बाबाराव म्हणाले. आजच्या दिवसापुरतं त्यांना काहीही पटणार होतं. उद्या सकाळी सगळं नाकारायचं, असा त्यांचा बेत होता.

पेढ्यांनंतर ते माठातलं पाणी काढत होते, तेव्हा कौशल्याबाई पेला घेऊन जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “लय मोठं मन हाये तुमचं, भाऊ. आपल्या मानसाचं असं आंगावर घेनारा मी पाह्यला नाई.”

“पोरगी हाये हो,” बाबाराव तितक्याच हळू म्हणाले. “पहाटेपासून राबली. एरवी नाई घोरत ती.”

“पोरगी?” कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “पोरगी तं डोळेही नाई मिटली! तोंडात ओढणी कोंबून हसून राह्यली होती. इहीनबाई घोरत होत्या. मी त्याईले धरून कुशीवर केलं, तवा कुठं थांबल्या.”

माठातला ओगराळा खाली पडला.

बाबारावांच्या डोळ्यांपुढून लग्नापासूनच्या सगळ्या रात्री झरझर गेल्या. ही बाई स्वतःच्याच घोरण्यानं दचकून जागी होत होती! शेजारी मी निवांत पडलेला दिसे, म्हणून मला ढोसत होती! आणि जागी झाल्यावर घोरणं आपोआपच थांबत होतं! कोपराचे ते सगळे ढोसे एकदम त्यांच्या बरगडीत उठले. ते तडक बैठकीकडे निघाले. पण कौशल्याबाईंनी वाट अडवली.

“कोठी चालले? आमच्या याईचा नेम विसरले का? मायचं पोरीले जाते. या नेमापायी चांगल्या चांगल्या पोरी हातच्या गेल्या आमच्या. मले ही पोरगी पाह्यजे. तुमचं तुमच्यापाशीच ठेवजा, कोनाले सांगजा नोको.”

बैठकीत विमलाबाई भैयाजींना रंगवून सांगत होत्या, “अवो इवाई, काय सांगू तुमाले, याईच्या घोरण्यानं मले जन्मात धड झोप नाई!” आणि भैयाजी सहानुभूतीनं मान हलवत होते. दाराशी मयुरी वडिलांकडे पाहत उभी होती. तिनं हळूच, कुणाला दिसणार नाही असे, दोन्ही हात जोडले.

“होय जी,” बाबाराव बैठकीत येऊन म्हणाले. “लय त्रास हाये तिले माझा.”

तेव्हापासून “मी घोरत नाई” हे वाक्य सेलूच्या बाजारात कुणी ऐकलं नाही. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, भैयाजींनी आष्टीच्या सगळ्या पाहुण्यांशी त्यांची ओळख “आमचे घोरनारे इवाई” अशी करून दिली आणि बाबारावांनी प्रत्येकाला वाकून नमस्कार केला.

पुढं मयुरीच्या पहिल्या दिवाळसणाला भैयाजींनी सेलूकरांना आष्टीला मुक्कामाला बोलावलं. घर पाहुण्यांनी भरलेलं. माणसावर माणूस झोपलेला. पण व्याह्यांच्या आजाराची भैयाजींना पूर्ण कल्पना होती. त्यांनी मुद्दाम माणूस लावून बगीच्यातली खोली झाडून घेतली, गाद्या टाकल्या, दार-खिडक्या आवाज बाहेर न जाईल अशा घट्ट लावून घेतल्या, आणि बाबारावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “इथं बिनधास्त घोरा, इवाई! कोनालेच तरास नाई.”

आणि मग नवऱ्याबायकोची ताटातूट नको म्हणून विमलाबाईंचीही गादी तिथंच टाकायला सांगितली.